खंडेनवमीची ओल

डूख धरण्यात नागाचं नाव उगाच मोठं झालं आहे. माणूस त्याच्याहून जास्त दिवस धरतो. त्यातही रोज वेळेवर वर्गात जाणारं, कुणाशी वाकडं न बोलणारं माणूस तर फारच जपून धरतं. दौंडच्या कॉलेजात रसायनशास्त्र शिकवणाऱ्या राजश्री ओव्हाळचं असंच होतं. मुलांना ती आवडायची. एकच गोष्ट ती चार तऱ्हांनी समजावून सांगायची आणि चौथ्यांदा सांगतानाही तिचा आवाज चढत नसे. तिच्या पोटात काय शिजतंय ते एकट्या वडिलांना, मच्छिंद्रआप्पांना माहीत होतं. आप्पांनी रेल्वेत फिटर म्हणून आयुष्य काढलं होतं. ते बोलायचे कमी आणि ऐकायचे जास्त.

दिवाळीच्या सुट्टीनंतर कॉलेज नुकतंच उघडलं होतं. मुलं प्रयोगशाळेत ब्युरेट धूत होती आणि राजश्रीचा फोन वाजला.

"राजश्री, ओळखलंस का? पृथ्वीराज बोलतोय. शिरूरचा."

ओळखायला तिला एक शब्दही पुरला असता.

"बोला," ती म्हणाली.

"अगं, बोला काय? एका टेबलावर काम केलेली माणसं आपण."

"म्हणून तर लक्षात आहे. बोला."

पलीकडे तो हसला. रांजणगावच्या एमआयडीसीत त्याने शेड घेतली होती आणि तिथे बॅटरीसाठी लागणारा घट्ट पदार्थ तो बनवत होता. बॅटऱ्या करणाऱ्या एका मोठ्या कंपनीची माणसं तो पाहायला येणार होती. त्यांची अट एकच होती, की चाचणीच्या वेळी बाहेरचं कुणीतरी जाणकार हजर हवं आणि त्याने सही करायला हवी.

"आपले सर तर गेले. या विषयातलं जवळपास दुसरं आहे कोण? मी म्हटलं, आपली राजश्री आहे की दौंडला. तुझंही नाव होईल यात."

तुझंही नाव होईल. राजश्रीने समोरच्या मुलाच्या हातातली ब्युरेट सरळ केली, तोटी बंद केली आणि मग फोनवर म्हणाली, "येईन."

हे नावाचं प्रकरण समजायचं तर आधी बोरॉन समजून घ्यायला हवा. बारा बोरॉन अणू एकमेकांना धरून एक पोकळ पिंजरा करतात आणि प्रत्येकावर बाहेरच्या अंगाला एकेक हायड्रोजन काट्यासारखा उभा राहतो. बांधावरचं गोखरू डोळ्यांपुढे आणा, फक्त आतून पोकळ आणि चहूबाजूंनी सारखं. हे पिंजरे ऋण भाराचे असतात. त्यांच्यामधल्या फटींत धन भाराचे सोडियमचे आयन बसतात. सगळं मिळून होणारा पदार्थ दिसायला अगदी मीठ. बॅटरी चालायची तर सोडियमने या टोकापासून त्या टोकापर्यंत जायला हवं. आजवर त्याला पोहायला द्रव देत आलो, पण तो द्रव गळतो, कधी पेटतो. घट्ट पदार्थातूनच सोडियम चालला तर सोन्याहून पिवळं. मात्र थंड असताना हे पिंजरे काट्याला काटा लावून ताठ उभे असतात आणि सोडियमला तसूभर हलता येत नाही. पुष्कळ तापवलं की गंमत होते. पदार्थ वितळत नाही, पिंजरा जागा सोडत नाही, पण प्रत्येक पिंजरा जागच्या जागी गरगर फिरू लागतो. बाजारातल्या गर्दीत माणसांनी जरा खांदा वळवला की एखादं पोर जसं सुळकन निसटतं, तसा सोडियम त्यांच्यामधून निसटतो. पदार्थ निवला की पिंजरे पुन्हा ताठ.

पुण्याच्या एका प्रयोगशाळेत संशोधन करताना राजश्रीच्या डोक्यात आलं की हे पिंजरे ताठ राहतात ते रांगेमुळे. मग रांगच जमू दिली नाही तर? एक पिंजरा बारा बोरॉनचा आणि दुसरा निराळ्या घडणीचा, असे दोन्ही एकाच स्फटिकात बसवले, तर काटे काट्यांत बसणार नाहीत आणि बिचारे थंडीतही फिरत राहतील. तिने लावलेली ती जोडी तोवर कुणी लावली नव्हती. खोलीतल्या साध्या हवेत, काहीही न तापवता, तिने पावडर दाबून केलेल्या वडीतून सोडियम वाहिला. तिने हे पहिल्यांदा शेजारच्या टेबलावरच्या पृथ्वीराजला सांगितलं. तो तिच्याहून दोन वर्षं पुढे होता. त्याने तिला मिसळ खाऊ घातली. पुढल्या महिन्यात एका परिषदेत उभं राहून त्याने तीच गोष्ट स्वतःची म्हणून सांगितली.

ती मार्गदर्शक सरांकडे गेली. पृथ्वीराज तिथेच बसला होता. तो चिडला नाही, ओरडला नाही. शांतपणे म्हणाला, "सर, यांच्यासाठी जागा राखून ठेवतातच. आता शोधही राखून ठेवायचे का?"

सर हसले. कदाचित अवघडून हसले असतील, पण हसले. निबंध छापून आला तो तिच्या वडीवरचाच. त्याच्या शेवटी बारीक अक्षरात 'मदतीबद्दल आभार' म्हणून तिचं नाव होतं. राजश्रीने ती प्रयोगशाळा सोडली. दुसऱ्या विद्यापीठात, दुसऱ्या विषयात डॉक्टरेट केली. बोरॉनला पुन्हा हात लावला नाही. या गोष्टीला आता दहा-अकरा वर्षं झाली होती, पण तो 'आभार' शब्द कुणी व्यासपीठावरून उच्चारला तरी तिच्या तोंडाला कडू चव यायची.

पाहुणे यायच्या आधी एकदा शेड बघून यावी म्हणून ती निघाली. चौफुल्यावरून न्हावऱ्याकडे एसटी निघाली तेव्हा उसाच्या ट्रॅक्टरांनी रस्ता अडवून धरला होता. राजश्रीला घाई नव्हती. शेडच्या दारातच खुर्ची टाकून पांढऱ्या टोपीचे एक म्हातारे बसले होते. ते पृथ्वीराजचे वडील मारुतराव. साखर कारखान्याचं संचालकपद भोगून झालं होतं आणि आता मुलाच्या कारखान्यावर नजर ठेवणं एवढंच काम उरलं होतं.

"या मॅडम. आमच्या पोराचं मीठ बघायला आलाय व्हय?" ते म्हणाले. "लई वर्सं नुस्तं दळत व्हता. भाजीत टाकावं म्हटलं तर त्याच्याबी कामाचं न्हाई. आता मातर आईची कृपा झाली."

"कधीपासून झाली आबा?"

"दसऱ्यापासनं की."

आत सायली नावाची तरुण इंजिनिअर होती. ती कवठे येमाईहून रोज दुचाकीवर यायची, आणि वड्या दाबणं, मोजणं, पेटी सांभाळणं असं सगळं काम तीच करायची. पेटी म्हणजे काचेच्या दर्शनी भागाचं मोठं कपाट. आत कोरडा वायू भरलेला असतो आणि दमटपणाचा लवलेशही नसतो. काचेला जोडलेल्या लांब रबरी हातमोज्यांत बाहेरून हात घालायचे आणि आतलं काम करायचं. त्या पेटीच्या काचेवर राजश्रीला कुंकवाची पाच बोटं उमटलेली दिसली.

"हे काय गं?"

"खंडेनवमीचं, मॅडम. हत्यारांची पूजा केली ना. आबा म्हणले, पुसायचं नाही."

"फक्त काचेची पूजा केली?"

सायली क्षणभर घुटमळली. "नाही. आबांनी विचारलं, तुमचं हत्यार कोणतं. सर गमतीने म्हणाले, ही पावडर. मग आबांनी पितळी ताट मागवलं. बाटलीतली पावडर ताटात ओतली आणि देवीपुढे मांडली, घटाच्या शेजारी. खंडेनवमीला हत्यार चालवायचं नसतं, म्हणून ती दसऱ्याला ताट हलेपर्यंत तिथेच होती."

घट म्हणजे ओली माती, तीत उगवलेलं धान्य आणि नऊ दिवस त्यावर शिंपडलेलं पाणी. त्याच्या शेजारी ते पांढरं मीठ रात्रभर उघडं होतं. राजश्रीने चेहरा हलू दिला नाही.

"मग?"

"मी सरांना म्हटलं होतं, ओल लागेल. ते म्हणाले, असू दे, आबांचं मन आहे. दसऱ्यानंतर तीच पावडर दाबून मोजली तर सोडियम किती वाहतो तो आकडा एकदम चाळीस पटीनं वर. आधी काही केल्या हलत नव्हता. सर तर म्हणाले, देवी पावली."

"तापवून, वाळवून मोजलंत का?"

"मी विचारलं होतं. सर म्हणाले, चालतंय ते चालू दे, पाहुणे येईपर्यंत हात लावायचा नाही."

राजश्रीला सगळं लख्ख दिसलं. हे पदार्थ हवेतली ओल पितात. ओल आत शिरली की सोडियमला पिंजऱ्यांच्या फिरण्याची गरजच उरत नाही. मिठाचे खडे दमट झाले की बरणीच्या तळाशी पाणी दिसतं, तशा पाण्यातूनच तो वाहतो. चाळीस पट आकडा पाण्याचा होता. पिंजरे ताठच्या ताठ उभे होते.

इतक्यात पृथ्वीराज आला. अंगाने भरला होता, बाकी तसाच.

"काय राजश्री, कशी आहे आपली जोडी?"

"आपली?"

"म्हणजे आपल्या लॅबची गं. आकडा पाहिलास?"

"पाहिला. छान आहे."

"पाहुण्यांसमोर हीच वडी सोडियमच्या चकतीवर दाबायची आणि लगेच दिवा लावून दाखवायचा. तू फक्त तुझी सही आण."

"आणते," राजश्री म्हणाली. परतीच्या एसटीत खिडकीला डोकं टेकवून तिने डोळे मिटले आणि बऱ्याच वर्षांनी तिला गाढ झोप लागली. कंडक्टरने चौफुल्याला हलवून उठवलं.

घरी आप्पा ओसरीवर वाटाणे सोलत बसले होते. तिने त्यांच्यापुढचं सूप अर्धं आपल्याकडे ओढलं आणि सगळी हकिगत सांगितली.

"मंग? सांगितलंस का त्याला, पानी लागलंय म्हून?"

"नाही."

"बरं केलंस." आप्पांनी एक शेंग उकलली. "आता पावन्यांम्होरं काय हुईल?"

"आकडा दिसेल. टाळ्या वाजतील. मग ती ओली वडी सोडियमवर दाबतील. सोडियमला पाण्याचा वास जरी लागला तरी तो वायू सोडतो. बॅटरी फुगेल. पेटेलसुद्धा. सगळ्यांसमोर."

"झ्याक." त्यांनी सुपात दाणे टाकले. "दाबनार कोन?"

राजश्रीचा हात शेंगेवर थांबला. पृथ्वीराज स्वतः कशाला हात लावणार? भाषण तो करेल. रबरी हातमोज्यांत हात घालून वडी दाबेल ती कवठ्याची मुलगी.

"सायली," ती म्हणाली.

आप्पा तिच्याकडे न बघता म्हणाले, "सूड घे, राजे. म्या न्हाई म्हनत न्हाई. त्या टायमाला तू जेवत नव्हतीस ते म्या इसरलो न्हाई. पन घाव कुनाच्या डोक्यात बसतोय तेवडं बघ."

तिने हातातली शेंग उकलली. सूपभर वाटाणे संपेपर्यंत तिने डाव बदललेला होता.

ठरल्या दिवशी शेड फुलांच्या माळांनी सजली होती. पाहुण्यांच्या प्रमुख पूनमबाई होत्या. बोलायला मोजक्या, ऐकताना मान न हलवणाऱ्या. त्यांच्याबरोबर आणखी दोघं होती. पृथ्वीराजने सुरुवात केली. "दहा वर्षांपूर्वी मला असं सुचलं," तो म्हणाला, "की दोन निरनिराळे पिंजरे एकत्र बसवले तर?" हे सांगताना त्याने राजश्रीकडे बघायचंही टाळलं नाही. उलट, बघून हसला. राजश्रीही हसली.

सायलीने वडी मोजली. आकडा पडद्यावर आला. टाळ्या झाल्या. मारुतरावांनी टोपी नीट केली. सायलीने सोडियमच्या चकतीकडे हात नेला, तशी राजश्री उठून उभी राहिली.

"जरा थांब सायली. सही करण्याआधी मला ही वडी वाळवून मोजायची आहे. निर्वात भट्टीत तापवायची, पूर्ण निवू द्यायची आणि मग मोजायची."

"त्याची गरज नाही," पृथ्वीराज म्हणाला. "राजश्री, वेळ कमी आहे."

"घट्ट पदार्थ तापवल्याने बिघडतो का?" पूनमबाईंनी विचारलं.

"हा पदार्थ तर बिघडत नाही," राजश्री म्हणाली. "खरा असेल तर आकडा तिथेच राहील."

"मग वाळवा. आम्ही थांबतो."

भट्टी सुरू झाली. भट्टीतून पंपाकडे जाणारी काचेची नळी थंड ठेवलेली असते. आतून निघालेली वाफ तिथे पकडली जाते. जेवणं उरकून मंडळी परत आली तेव्हा त्या नळीत बारीक थेंब जमले होते, आणि बघता बघता एकाला दुसरा मिळून त्यांचा ओघळ झाला. मुलांना दाखवावं तसं राजश्रीने सगळ्यांना जवळ बोलावलं.

"हे पाणी वडीतलं," ती म्हणाली. "मगाशी सोडियम वाहत होता तो यातून."

वडी निवल्यावर सायलीने पुन्हा मोजली. आकडा दसऱ्याच्या आधी होता तिथे जाऊन बसला.  या क्षणाची चव राजश्रीने इतकी वर्षं मनात घोळवली होती, आणि ती तशीच होती, अगदी जशीच्या तशी. पृथ्वीराजच्या कानाच्या पाळ्या लाल झाल्या होत्या. तिने त्या डोळे भरून पाहिल्या.

मग तो सायलीकडे वळला. ओरडला नाही. त्याच जुन्या शांत आवाजात म्हणाला, "झाकण उघडं ठेवलंस ना गं? मॅडम, ही मुलगी नवीन आहे. खेड्यातून येतात, कशीबशी पास झालेली असतात. आपण संधी द्यायला जातो, आणि मग असं होतं."

सायलीने हातमोज्यांतून हात बाहेर काढले.  राजश्रीला वाटलं, आपणच पुन्हा सरांच्या खोलीत उभ्या आहोत आणि कुणीतरी आता हसणार आहे. तिने हसायला वेळच दिला नाही.

"आबा," ती मारुतरावांना म्हणाली, "खंडेनवमीला देवीपुढं पावडरीचं ताट कुणी मांडलं होतं?"

मारुतरावांनी मुलाकडे पाहिलं. मुलाने डोळ्यांनी खूण केली. म्हातारा चार निवडणुका लढवलेला होता आणि त्यांत काय काय बोलला असेल ते त्याचं त्याला ठाऊक. पण देवीच्या ताटाची गोष्ट निघाली तशी तो खुर्चीतून उठला.

"म्या मांडलं. ह्या पोरीनं सांगितलं व्हतं, आबा, ओल लागंल. ह्योच म्हनला, असू दे." आणि मग मुलाला, "देवाच्या ताटाचं निमित्त पोरीच्या अंगावर ढकलतोस व्हय रं? ह्ये शिकलास पुन्याला?"

पूनमबाईंनी आपली बॅग बंद केली. "चुका होतात," त्या पृथ्वीराजला म्हणाल्या. "चूक झाल्याचं मला काही वाटलं नाही. नंतर जे केलंत ते पाहिलं. महिन्याने पुन्हा येऊ. कोरड्या वडीवर आकडा दाखवा, नाहीतर राहू द्या." राजश्रीने कोरडा आकडा लिहून त्याखाली सही केली आणि कागद त्यांच्या हातात दिला.

ती फाटकापर्यंत पोचली तेव्हा पृथ्वीराज मागून आला. धापा टाकत होता.

"तू मुद्दाम केलंस."

"हो."

त्याला वाटलं होतं ती नाकारेल.  मग तो निराळ्याच आवाजात म्हणाला, "तुझी वडी मी डोळ्यांनी पाहिली होती. तेच दोन पिंजरे, तेच प्रमाण. माझं का होत नाही? इतकी वर्षं करतोय. एकदाही झालं नाही."

राजश्रीने त्याच्याकडे नीट पाहिलं. त्याने दोन बाटल्यांवरची नावं पाहिली होती, तराजूवरचं वजन पाहिलं होतं आणि शेवटचा आकडा पाहिला होता. मधलं काही त्याने पाहिलंच नव्हतं, कारण मधल्या काळात तो कँटीनला असायचा. इतकी वर्षं हा माणूस तिची चोरलेली गोष्ट घेऊन फिरत होता आणि ती त्याला उघडता येत नव्हती. हे तिला आधी कळलं असतं तर ती बरीच सुखात राहिली असती.

"सांगशील?" त्याने विचारलं. "तू म्हणशील ते देतो. कंपनीत घेतो. नाव लावतो."

"सांगते की. शनिवारी सकाळी माझा तास असतो, दौंडला. तिथे या. आधी मुलांना सांगायचं, ही जोडी कुणी लावली. मग मी शिकवते."

"मुलांपुढे?"

"मोठ्यांपुढे सांगायची संधी मगाशी होती."

शनिवारी तो आला. गाडी कॉलेजच्या फाटकाबाहेर बराच वेळ उभी होती. पाठोपाठ राजश्रीने बोलावलेली सायलीही दुचाकीवरून आली. तिने आदल्या दिवशीच शेडचं काम सोडलं होतं. मुलींच्या रांगेत जागा करून ती बसली. वर्गात पहिल्या वर्षाची पन्नासेक मुलं होती. रेल्वे कॉलनीतली, पाटस-केडगावकडून येणारी, दोघं-तिघं पेंगत असलेली.

"हे पृथ्वीराज सर," राजश्री म्हणाली. "यांना तुम्हाला एक गोष्ट सांगायची आहे."

पृथ्वीराजने घसा साफ केला. पिंजऱ्यांबद्दल, सोडियमबद्दल तो चांगलं बोलला. बोलण्यात त्याला कुणी हरवू शकलं नसतं. "तर दोन पिंजरे एकत्र बसवायची ही कल्पना," तो शेवटी म्हणाला, "आमच्या प्रयोगशाळेत पुढे आली."

"कुणाची?" राजश्रीने विचारलं.

"आम्ही दोघं तेव्हा..."

"माझ्या वर्गात एका प्रश्नाला एकच उत्तर देतात. कुणाची?"

पेंगणारी मुलं जागी झाली. पृथ्वीराजने टेबलाची कड धरली.

"राजश्री ओव्हाळ यांची," तो म्हणाला. "मी ती माझी म्हणून सांगितली."

 मग दुसऱ्या बाकावरच्या मल्हार नावाच्या मुलाने हात वर केला. आगाऊपणा नव्हता त्यात, त्याला खरंच कळलं नव्हतं. "पण का सर?"

पृथ्वीराजने राजश्रीकडे पाहिलं. तिने त्याला सोडवलं नाही. मुलांच्या प्रश्नाला उत्तर येईपर्यंत थांबायची तिला सवय होती.

"मला वाटलं," तो म्हणाला, "यांच्या बाजूने विचारायला कोण येणार."

"फळ्यावर लिहा," राजश्रीने खडू पुढे केला. "नाव. सगळ्यात वर."

त्याने लिहिलं. खडू मध्येच मोडला. उरलेलं आडनाव त्याने तुकड्याने पुरं केलं. त्याच्यासाठी खुर्ची ठेवलेली नव्हती. तो शेवटच्या बाकावर जाऊन दोन मुलांच्या मध्ये बसला आणि गुडघे आत मावेनात म्हणून तिरका झाला.

मग राजश्रीने शिकवलं. इतकी वर्षं ज्या विषयाला हात लावला नव्हता तो विषय तिने पहिल्यापासून उलगडला, आणि मुलांना कळलं नाही तिथे परत उलगडला. "एका पोत्यात ज्वारी आणि बाजरी ओतून हलवली," ती म्हणाली, "तर काय होतं? दाणे शेजारी येतात, पण ज्वारी ज्वारीच राहते आणि बाजरी बाजरीच. सरांनी आजवर हेच केलं. प्रत्येक कणात एकाच जातीचे पिंजरे, त्यामुळे आपापल्या रांगेत ताठ. आपल्याला एका कणात दोघं हवेत. त्यासाठी दळायचं. पोलादी गोळ्या घातलेल्या बंद भांड्यात, हवा लागू न देता दळत राहायचं. थांबायचं कधी? क्ष-किरणांच्या चित्रात दोन्हींच्या जुन्या रेघा पुसून जातात तेव्हा. मग निर्वातात तापवायचं, की नवीन, तिसऱ्याच रेघा येतात. त्या आल्या की समजायचं, दोघं एका घरात राहायला लागले आणि आता थंडीतही स्वस्थ बसणार नाहीत." तिने भांड्याची जात, गोळ्यांचं वजन, तापमान, थांबायची खूण, कुठे चुकतं आणि चुकलं तर काय दिसतं, सगळं फळ्यावर उतरवलं. फळा भरला तेव्हा तिने हात झटकले.

"मोबाइल काढा," ती म्हणाली.

मुलं एकमेकांकडे बघू लागली. याच वर्गात मोबाइल दिसला तर जप्त होत असे.

"काढा. फोटो घ्या आणि ज्याला पाठवायचा त्याला पाठवा. हे आता सगळ्यांचं आहे."

शेवटच्या बाकावरून पृथ्वीराज अर्धवट उठला. "राजश्री, एक मिनिट. हे असं उघडं करू नकोस. याचं पेटंट घेता येईल. आपण दोघं मिळून..."

"घेता आलं असतं," राजश्री म्हणाली.

मोबाइल खटाखट वाजले. सायलीने आपला फोटो काढून तिथल्या तिथे पूनमबाईंना पाठवलासुद्धा. मुलं फळ्याशी गर्दी करून एकेक कोपरा टिपत होती आणि पृथ्वीराज त्यांच्या मागे उभा होता. गर्दी सरली तशी त्याने खिशातून आपला फोन काढला. गेली दहा वर्षं त्याला हवं होतं ते सगळं समोर होतं, आणि वर्गातल्या शेवटच्या मुलालाही तेवढंच मिळालं होतं. त्याने फोन धरला, जरा खाली घेतला, आणखी थोडा खाली घेतला.

राजश्री टेबलावरची हजेरी आवरत होती. तिने मान वर करून पाहिलं.

"वरपासून घ्या," ती म्हणाली. "नाव सुटतंय."